एकशे चाळीसची जोडी

कंपनीची पॅडं नऊशेला.
ही एकशे चाळीसला जोडी, वर मलिकजानचा चहा.
पाकिटावर ना नाव ना गाव, नुसता एक वाघ,
तोही अर्धा चिकटपट्टीखाली.
"धरतात का रे?"
"धरतात की," तो म्हणाला, "पण आधी ओरडतात."

उद्यमबागेत मी आठ तास हेच करते:
व्हर्निअर लावायचा, आकडा वाचायचा,
शतांशाच्या मागं लागायचं.
हायड्रॉलिकचे बुश माझ्या हातून पुढं जातात,
नाहीतर लाल शाई खाऊन परत.
सवय वाईट.
घरी आल्या आल्या पॅडच्या पाठीचा पत्रा मोजला:
पॉइंट तीन जास्त.
दोन्हींचा, आणि दोन्हींचा वेगवेगळ्या कोपऱ्यात.

कामावर असते तर पेटीच परत धाडली असती
चार ओळींचा शेरा लिहून.
इथं मागच्या पायरीवर बसले,
मांडीवर फडकं, दातांत टॉर्च,
आणि कानस.
सर्र, सर्र, फुंकर. लावून बघ. नाही.
सर्र.
मधेच आठवलं, बोटाला शेंगाचटणीचं तेल.
मग स्पिरिट, मग पॉलिश पेपर, मग पुन्हा हात धुणं.
कॅलिपरमधले पिस्टन आत रेटायला
उलथन्याचा दांडा.
बारकी पिन टण्णकन उडाली.
चपलांत शोधली, मोरीत शोधली,
अर्ध्या तासानं सापडली ती माझ्याच केसांत.

चाक फिरवलं.
खस्. खस्. खस्.
फोन लावला. "एका बाजूला घासतंय रे."
"कुठल्या?"
"ती सरळ केली की दुसऱ्या."
"ते आख्ख्या बेळगावचंच तसं हाय, मॅडम."
हसला. मग दुकानदाराच्या आवाजात:
"रोटर वाकडा असंल. पाना लावा, जरासा वळवा.
निधान. निधान."

नवं पॅड लगेच धरत नाही,
त्याला रोटरची ओळख करून द्यावी लागते.
रात्री साडेनऊला वडगावच्या गल्लीत
वीस वेळा पळवली, वीस वेळा दाबली.
पहिल्याच खेपेला अशी किंचाळली
की हुंदऱ्यांच्या उज्वलाबाईंनी खिडकी उघडली:
"काय करुलालीस ग, एवढ्या रात्री?"
"ब्रेकला सवय लावुलालो, काकू."
खिडकी लागली. आतून कुणीतरी टीव्ही मोठा केला.
विसाव्या खेपेला आवाज बारीक झाला.
गेला नाही.

रविवारी राजहंसगडाचा उतार.
तिसऱ्या वळणाला ट्रॅक्टर,
रस्त्याला आडवा, रिव्हर्स घेत,
ट्रॉलीभर पिंजर, वर एक पोरगं झोपलेलं.
दोन बोटं दाबली.
काहीच नाही.
मग वास.
मग ते ओरडणं, उतारभर, येळ्ळूरपर्यंत ऐकू जाईल असं,
मग थांबणं.
पुढचं चाक पिंजरात वीतभर आत,
माझं नाक त्याहून चार बोटं अलीकडं.
पोरगं उठून बसलं, खाली बघितलं,
"ब्रेक हाईत का न्हाईत?"
मला सांगता येईना.
सायकल बाजूला घेतली, खाली बसले,
आणि घसरल्याची रेघ पावलांनी मोजली.
अकरा. साडेअकरा म्हणा.
थांबली तर होती.
कुठं थांबायला हवी होती, ते कुठल्याच ड्रॉइंगवर नव्हतं.
रोटर निळसर पडला होता,
हात लावला आणि चटका घेतला.

सोमवारी एक बुश आला, दोन शतांश जास्त.
आधी शाईच्या पॅडवर शिक्का,
मग बुशावर.
त्याच्यासाठी घरी कानस नव्हती.

शनिवारी पुन्हा मलिकजानकडे.
मागचं चाक राहिलंय, म्हटलं,
या खेपेला नऊशेची दे.
तो फळीवर चढला, दोन डबे हलवले,
एकातून पाल पळाली.
"संपली," वरूनच म्हणाला.
"वाघ हाय."